क्रेनचालकांना रोजगाराच्या संधी : वासणा (वडोदरा) परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :

वडोदरा शहराच्या पश्चिमेकडील वासणा-भायली हा भाग गेल्या वीस-पंचवीस वर्षांत झपाट्याने वाढला. शेतांच्या जागी उंच इमारती आल्या आणि त्यांच्याबरोबर माल उचलणारी यंत्रेही आली. दहावी-बारावीनंतर शिक्षण सुटलेल्या मुलाचे पालक शिक्षकांना विचारतात, ‘क्रेन शिकला तर काम मिळेल का ?’ काम मिळेल, हे उत्तर खरे असले तरी अपुरे आहे. मुलगा कोणती क्रेन शिकला आणि त्याच्याजवळ दाखला कोणाचा आहे, यावर पुढची मजुरी अवलंबून असते. प्रस्तुत लेखात याच बाबीचा विचार केला आहे.

कामाचे स्वरूप :

क्रेनचालक हा एकच व्यवसाय समजणे चुकीचे आहे. रणोली येथील लार्सन अँड टुब्रोचा अवजड अभियांत्रिकी कारखाना, मकरपुरा भागातील ट्रान्सफॉर्मरचे कारखाने, सावलीतील अल्स्टॉमचा मेट्रो डब्यांचा कारखाना अशा ठिकाणी छताखाली रुळांवर धावणारी ईओटी क्रेन लागते. ही कामे त्यातल्या त्यात स्थिर आहेत. मात्र कमी क्षमतेच्या ईओटी क्रेन आता खालूनच पेंडंट किंवा रिमोटने चालतात. तेथे फिटर स्वतःच बटण दाबतो, वेगळा चालक ठेवला जात नाही. चालकाची खरी गरज उरते ती मोठ्या, केबिन असलेल्या क्रेनवर.

दुसरा प्रकार रस्त्यावर नेहमी दिसणारा, ज्याला सगळे हायड्रा म्हणतात. बहुतेक मुले याच दाराने आत येतात. आधी हेल्पर म्हणून ग्रीस लावणे, पट्टे बांधणे, पुढे मालकाच्या मर्जीने यार्डात हँडल हाती येणे, असा हा क्रम असतो. शिक्षणाचा खर्च नाही, परंतु पुढे दाखवायला कागदही नाही. हायड्रा ओझे लटकवूनच चालते, त्यामुळे ती कलंडण्याचा धोका मोठा असतो. अनेक मोठ्या कंपन्यांनी आपल्या आवारात तिच्या वापरावर निर्बंध घातले आहेत. केवळ हायड्रा येणाऱ्या मुलाला तेवढी दारे बंद होतात.

तिसरे काम प्रकल्पांवरचे. मुंबई-अहमदाबाद द्रुतगती रेल्वेसाठी ४० मीटर लांबीचे व सुमारे ९७० टन वजनाचे गर्डर अखंड उचलून खांबांवर ठेवण्यात आले. त्यासाठी लागणारी यंत्रे हाताळणारी माणसे या पट्ट्यात तयार झाली. गुजरातमधील गर्डरचे बरेचसे काम आता उरकले आहे. काम दक्षिणेकडे, पालघर जिल्ह्यात सरकले. डहाणूजवळील वाढवण बंदराचे भूमिपूजनही ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले. प्रकल्पाचा चालक कामामागे जातो. घरी राहून हा रोजगार मिळत नाही, हे पालकांनी आधीच समजून घ्यावे. वडोदऱ्यातील मराठी बोलणाऱ्या मुलाला पालघरमध्ये भाषेची अडचण येणार नाही, ही जमेची बाजू.

प्रशिक्षण व दाखला :

यंत्र चालविणे काही महिन्यांत येते. वेळ लागतो तो लोड चार्ट समजायला. क्रेनवर ‘१४ टन’ लिहिलेले असते, ते बूम आखूड आणि ओझे अगदी जवळ असतानाचे. ३ मीटरवर १० टन उचलणारी क्रेन ६ मीटरवर साध्या हिशेबाने ५ टन उचलेल. प्रत्यक्षात बूमचे स्वतःचे वजन धरता त्याहूनही कमी. विज्ञानात तरफ शिकलेल्या मुलाला हे कळू शकते, पण यार्डात ते कोणी सांगत नाही. चार्ट बहुधा इंग्रजीत असतो. चूक झाली तर काय होते, हे समृद्धी महामार्गावर शहापूरजवळ ऑगस्ट २०२३ मध्ये गर्डर बसविण्याचे यंत्र कोसळून वीस माणसे गेली तेव्हा दिसले. तेथे दोष कोणाचा हा वेगळा प्रश्न. अशा यंत्राखाली किती जीव असतात, एवढेच येथे सांगायचे आहे.

१९६१ च्या शिकाऊ उमेदवार अधिनियमाखालील व्यवसायांत पोलाद उद्योगातील ओव्हरहेड क्रेन चालविण्याचा समावेश झालेला आहे. फिरत्या क्रेनसाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिलची प्रमाणपत्रे आहेत. सार्वजनिक रस्त्यावर क्रेन नेण्यास आर.टी.ओ.चा परवाना लागतो, कारखान्यातील ईओटीला तो लागत नाही. पुष्कळ मुले परवान्यालाच प्रमाणपत्र समजतात. आखाती देशांतील तेल कंपन्या त्रयस्थ संस्थेचा दाखला मागतात आणि तो क्रेनच्या प्रकारानुसार असतो. मोबाइल क्रेनचा दाखला टॉवर क्रेनला चालत नाही.

मुलींच्या शाळांनीही या विषयाकडे पाहावे. केरळातील विळिंजम बंदरात स्थानिक स्त्रिया नियंत्रण कक्षात बसून स्वयंचलित क्रेन चालवीत आहेत. उन्हात, उंचावर चढण्याची अट तेथे राहिलेली नाही.

खाजगी प्रशिक्षण केंद्रात फी भरण्यापूर्वी पालकांनी तीन गोष्टी विचाराव्यात. मुलगा प्रत्यक्ष केबिनमध्ये किती तास बसेल ? दाखल्यावर क्रेनचा प्रकार व क्षमता लिहिली जाईल का ? परीक्षा शिकविणाराच घेतो की बाहेरचा माणूस ?