जागा मराठीची, तास भाषाविज्ञानाचा

सटाण्याकडचा अहिराणी बोलणारा 'मी जास' म्हणतो. तूही 'जास', तोही 'जास', आणि बाईमाणूसही 'मी जास'च म्हणतं. प्रमाण मराठीत मात्र जातो, जाते, जातोस, जातेस असा सगळा पसारा. क्रियापदातला हा भेद अहिराणीत का दिसत नाही, हे भाषाविज्ञान शिकवू इच्छिणाऱ्या उमेदवाराला मुलाखतीत खुशाल विचारावं. अडचण एवढीच, की नाशिकच्या महाविद्यालयात तो उमेदवार मुलाखतीपर्यंत पोहोचणं कठीण.

महाविद्यालयातलं पद विषयाच्या गोडीतून निघत नाही, कार्यभारातून निघतं. सहायक प्राध्यापकाने आठवड्याला १६ तास शिकवायचं, हा हिशेब. भाषाविज्ञान वर्षानुवर्षं मराठीच्या बी.ए., एम.ए.ला पेपर म्हणून आलेलं. एका पेपरच्या तासांवर पूर्ण पद उभं राहत नाही. मग जाहिरात निघते ती 'मराठी' या विषयाची. तीही आरक्षणाची बिंदुनामावली तपासून, उच्च शिक्षण सहसंचालकांची ना-हरकत मिळाल्यावर. तोवर हा पेपर तासिका तत्त्वावरचं कुणीतरी ओढतं, नाहीतर विभागात जो नवा त्याच्या गळ्यात पडतो. नवा माणूस बहुधा कवितेवर किंवा ग्रामीण कादंबरीवर पीएच.डी. केलेला. स्वनिम, रूपिम त्याने नेट-सेटपुरते वाचलेले असतात आणि तेवढेच तो मुलांना देतो. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही.

ज्याने हाच विषय मुळातून केला, तो सहसा पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून आलेला असतो. १९३९ साली पदव्युत्तर संशोधन संस्था म्हणून नव्याने उभ्या राहिलेल्या या कॉलेजात अ. मा. घाटगे, ना. गो. कालेलकर, अशोक केळकर अशी माणसं होऊन गेली. त्यातल्या कालेलकरांच्या 'भाषा : इतिहास आणि भूगोल'ला १९६७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. अशा ठिकाणची पदवी आणि भाषाविज्ञानातली नेट घेऊन कुणी मराठीच्या जागेसाठी अर्ज केला, तर छाननीच्या टेबलावर तो अर्ज बाजूला पडण्याचीच भीती जास्त. यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीत 'संबंधित किंवा संलग्न' विषयातली पदव्युत्तर पदवी चालते. पण संलग्न म्हणजे काय, याची जबाबदारी कुणी आपल्या सहीवर घ्यायची?

याच नियमावलीतला महाविद्यालयांसाठीचा छाननीचा तक्ता पाहण्यासारखा आहे. पीएच.डी.ला २५ गुण, अध्यापनाच्या अनुभवाला जास्तीत जास्त १०, आणि संशोधन लेखांना सगळे मिळून ६. म्हणजे एका लेखाला २ या दराने तीन लेखांत खातं बंद. लेखही मान्यताप्राप्त नियतकालिकातलाच हवा. सुरगाण्यात वर्षभर राहून कुणी कोकणा बोलीचा शब्दकोश केला, तर या रकान्यात त्याचा भोपळा. बरं, हे गुण फक्त मुलाखतीच्या यादीपुरते. निवड मुलाखतीवर, आणि समितीतले विषयतज्ज्ञ जाहिरातीतल्या विषयाचे, म्हणजे मराठीचे.

एवढं करून जिल्हा मात्र या कामासाठी वाट पाहत बसलेला. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळ्यात अहिराणी. सुरगाणा, पेठेत कोकणा. त्र्यंबक-इगतपुरीकडे वारली, ठाकर, कातकरी यांच्या बोली. मालेगाव शहरात उर्दू. ग्रियर्सनने भारतीय भाषांच्या सर्वेक्षणात मराठीचा खंड १९०५ला काढला, आणि खानदेशी, म्हणजे हीच अहिराणी, मात्र १९०७च्या भिल्ली भाषांच्या खंडात घातली. ते बरोबर होतं की नाही, यावर नाशिकच्या वर्गात भांडण व्हायला हवं. त्या वर्गात अहिराणी घरात बोलणारी मुलं बसलेली असतात, आणि त्यांना उदाहरणं मिळतात पाठ्यपुस्तकातली.

स्वतंत्र विभाग वगैरे मागणं मला तूर्त हवेतलं वाटतं. जाहिरातीत मात्र एक ओळ घालता येईल: बोलींच्या क्षेत्रकामाचा अनुभव असल्यास प्राधान्य. आरक्षणाचा बिंदू तोच, पात्रता तीच, वेतनश्रेणी तीच. मुलाखतीत 'आपला आवडता कवी कोण' विचारण्याऐवजी पेठेतल्या म्हातारीचं दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण ऐकवावं आणि उमेदवाराच्या हातात खडू द्यावा. ऐकलं ते कसं लिहून घेतो, कुठे अडतो, अडल्यावर काय विचारतो, हे दहा मिनिटांत दिसतं. त्याचं लेखन तपासायला समितीवर भाषाविज्ञानाचा एक तरी तज्ज्ञ बोलवावा लागेल. पण पुणं इथून चार-पाच तासांवर आहे.