अक्षराचें चित्र आणि अक्षराचा ध्वनि

पुष्कळ मुलें ‘क कमळाचा, ग गवताचा’ असें घडाघड म्हणतात. परंतु त्याच अक्षरांचा नवा शब्द पुढें आला म्हणजे अडखळतात. याचें कारण काय? चित्र पाहून बोलणें म्हणजे वाचन नव्हे. अक्षर हें ध्वनीचें चिन्ह आहे, आणि ध्वनि जोडणें हेंच वाचन होय.

आपली वर्णमाला या कामीं मोठी साह्यकारी आहे. क-वर्ग कंठांतला, च-वर्ग तालूचा, प-वर्ग ओठांचा. तिचा क्रमच उच्चारस्थानांचा आहे. इंग्रजींत ‘सी, ए, टी’ या नांवांतून ‘कॅट’ कसें निघावें? म्हणून तेथेंहि ध्वनीच शिकवावे लागतात. सन २००० मध्यें अमेरिकेच्या राष्ट्रीय वाचन समितीनें ध्वनींचें क्रमवार शिक्षण हितावह ठरविलें.

पालकहो, प्रथम म, न, क, र, ग एवढींच अक्षरें घ्यावीं. न, ग, र निरनिराळे म्हणवून ‘नगर’ असें एका दमांत जोडावें. मग ‘मगर’, ‘गरम’. नंतर काना देऊन ‘नाक’, ‘कान’, ‘राग’. ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधीं दिसते, पण तिचा उच्चार मागून होतो. हें बोट ठेवून दाखवावें. मूल अडलें तर शब्द सांगून टाकूं नये. ध्वनि पुन्हा म्हणवावे.

अंदाजाची संवय जडलेल्या मुलास वरच्या इयत्तेंत गणिताचें उदाहरणहि वाचतां येत नाहीं, आणि लोक त्यास मंद म्हणतात. दोष बुद्धीचा नसतो, पायाचा असतो. रोजचीं दहा मिनिटें तो पाया घालण्यास द्यावीं.