टाकाऊतून सेवा

बोळिंज आता वसई-विरार महानगरपालिकेत मोडते. इथली पोरे विरारला, वसईला कॉलेजात जातात. मग आई-बाप आम्हाला विचारतात, "गुरुजी, पोर म्हणते जुनी लुगडी द्या, पिशव्या शिवायच्यात. हे कसलं शिक्षण?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर आज आम्ही सांगतो.

या कामाला राष्ट्रीय सेवा योजना म्हणतात. गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, म्हणजे 1969 साली, ती देशात सुरू झाली. पहिल्या वर्षी 37 विद्यापीठांतली 40 हजार मुले तिच्यात होती. आज लाखो आहेत. तिच्या चिन्हात कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे. चाकाला आठ आरे, म्हणजे दिवसाचे आठ प्रहर. केव्हाही हाक मारा, आम्ही येऊ, असा त्याचा अर्थ.

यात जायचे कसे? कॉलेजातल्या कार्यक्रम अधिकाऱ्यांकडे नाव द्यायचे. वर्षाला 120 तास काम करायचे, असे दोन वर्षे. आठवड्याला अडीच तासही भरत नाहीत. अभ्यास कुठे बुडतो? शिवाय सात दिवसांचे एक शिबिर असते. मुलगी शिबिराला जाणार असेल, तर बरोबर कोण बाई आहेत, मुक्काम कुठे आहे, ते खुशाल कॉलेजात जाऊन विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

मुले झाडे लावतात, गाव झाडतात, रक्तदान करतात. कुठे कुठे टाकाऊ वस्तूंपासून कामाच्या वस्तूही करतात. त्या अशा:

पिशवी: लुगडे धुवून उन्हात वाळवावे. विरलेला भाग काढून टाकावा. कापड दुहेरी घ्यावे. काठ मजबूत असतो, त्याचे बंद करावेत. मग पाच किलो तांदूळ भरून पिशवी उचलून पाहावी. 2018 साली आपल्या राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. तेव्हापासून अशी पिशवी फार कामाची झाली आहे.

वही: वर्ष संपले की वह्यांत कोरी पाने उरतात. ती काढून, दोऱ्याने शिवून नवी वही होते.

वाकळ: जुन्या कापडाचे थर लावून धावदोरा घालावा. जव्हार-मोखाड्याच्या डोंगरात थंडीत ती उपयोगी पडते.

एक सावधगिरी मात्र हवी. छापील कागदाच्या पुड्यांत खायचे पदार्थ देऊ नयेत. शाई अन्नाला लागते नि पोटात जाते. केंद्राच्या अन्नसुरक्षा खात्याने 2016 साली तसे बजावले आहे.

आता मुख्य गोष्ट. वस्तू टाकाऊतून केली, म्हणून ती कशीही चालेल असे नाही. फाटकी पिशवी दिली, तर ते दान कसले? ती आपल्या घरची अडगळ दुसऱ्याच्या दारात टाकणे झाले. गरिबालाही मान असतो. म्हणून आधी विचारावे, "तुम्हाला काय हवं?" मग ते नीट करून द्यावे. जी वस्तू आपल्या घरात वापरू, तीच द्यावी. हा धडा पुस्तकात वाचून अंगी लागत नाही, हाताने काम करून लागतो. पोरे तिथे हेच शिकतात.

आणि यात तुमचाही वाटा आहे बरं का! वाकळीचा टाका कॉलेजच्या पोरीला कोण शिकवणार? तिची आजीच. तेव्हा जुने कपडे धुऊन द्या, दोन टाके दाखवा. योजनेचा फॉर्म घरी आला, तर अंगठा उठवू नका. आता तुम्हाला वाचता येते. फॉर्म नीट वाचा आणि आपल्या हाताने सही करा.