पाट्टीचं केळीचं पान

भाजल्यावर आलेला फोड फोडायचा की तसाच ठेवायचा, हे आज लिहिणार होतो. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. तंजावूरहून एक पत्र आलंय, आणि त्यातला प्रश्न माझ्या आवडीचा निघाला.

पत्र एका आजींचं, कैक पिढ्या तिकडेच असलेल्या मराठी घरातल्या. नातवाच्या पोटरीवर उकळतं सांबार सांडलं. (सांबार जन्मलं तंजावूरच्या मराठी मुदपाकखान्यात, ही कथा तिकडे अभिमानाने सांगतात. त्या वादात मी पडत नाही.) पाय ‘थोडा वेळ’ नळाखाली धरला. तेवढ्यात शेजारच्या पाट्टीने (तमिळ आजीने) परसातलं केळीचं पान कापून आणलं आणि पोटरीला गुंडाळलं. दवाखान्यात ते पान बघून डॉक्टर भडकले. आजी विचारतात, ‘आमचं चुकलं का?’

अर्धं चुकलं. पण बरोबर असलेलं अर्धं फार मोलाचं आहे.

फोड आले म्हणजे वरचं कातडं गेलं आणि खालचं काही प्रमाणात शाबूत राहिलं. केसांची मुळं आणि घामाच्या ग्रंथी जिथे वाचतात, तिथून नवं कातडं पसरत येतं. ते सायीसारखं नाजूक. कोरडं गॉज जखमेला चिकटतं आणि काढताना ही सायच ओरबाडून निघते. म्हणून अशा जखमेवर न चिकटणारं, ओल धरणारं काहीतरी हवं. केळीचं पान गुळगुळीत, मेणचट, भाताचं शीतही त्याला धड चिकटत नाही.

पान ही कल्पना जुनीच. सुश्रुताने भाजण्याचे चार प्रकार सांगितले: प्लुष्ट, दुर्दग्ध, सम्यग्दग्ध, अतिदग्ध. फोड आणि तीव्र आग असलेलं ते दुर्दग्ध, म्हणजे नातवाचं. अतिदग्धाच्या उपचारात गुळवेलीच्या किंवा पाणवनस्पतींच्या पानांनी व्रण झाकायला त्याने सांगितलंय. पण सुश्रुताचं सगळंच घेऊ नका. प्लुष्टाला, म्हणजे नुसतं होरपळलेल्याला, तो शेक द्यायला सांगतो, आणि ते आज कोणी करू नये.

मुंबईत १९८५ साली डॉ. केसवानींनी उकडलेल्या बटाट्याच्या सालींची पट्टी वापरून पाहिली. पुढे शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. माधुरी गोरे केळीच्या पानाकडे वळल्या. पानं कापडी पट्टीवर चिकटवायची आणि ऑटोक्लेव्हच्या वाफेत निर्जंतुक करायची. २००३ साली ‘बर्न्स’ या नियतकालिकात दोन्ही पट्ट्यांची तुलना छापून आली. गुणाला दोन्ही सारख्या, पण पानाची पट्टी कितीतरी स्वस्त आणि करायला सोपी. ज्या रुग्णालयात भाजलेल्यांची रीघ लागते आणि पैशांची ओढाताण असते, तिथे याहून शहाणं संशोधन मला ठाऊक नाही.

तर आजी, फरक त्या वाफेचा. परसातल्या पानावर माती असते, पाखरांची घाण असते. पाट्टीला माझा नमस्कार सांगा, पण कच्चं पान उघड्या जखमेवर नको. दवाखान्यात पोहोचेपर्यंत घरी स्वच्छ धुतलेलं सुती कापड किंवा क्लिंग फिल्मचा तुकडा नुसता वर ठेवायचा, आवळायचा नाही.

आणि ‘थोडा वेळ’ म्हणजे किती? नळाचं साधं वाहतं पाणी पुरती २० मिनिटं, घड्याळ लावून. बर्फ नाही, टूथपेस्ट नाही, हळद नाही. घाईत राहून गेलं असेल तर तीन तासांच्या आत केलं तरी उपयोग होतो. पैंजण, वाळे, करदोरा सूज येण्याआधी काढायचे. मुलाच्या स्वतःच्या पंज्याने, बोटांसकट, जखम मापायची: एक पंजा म्हणजे अंगाचा साधारण एक टक्का. पाच पंजे भरले, किंवा चेहरा, हात, पाऊल, सांधा, गुप्तांग यांपैकी काही भाजलं, तर तडक मोठं रुग्णालय.

पत्रावर तारीख नाही. तीन आठवडे उलटूनही जखम भरली नसेल तर नातवाला प्लास्टिक सर्जनकडे न्या. आणि धनुर्वाताची लस दिली होती का, ते उलट टपाली कळवा.