बॅकअपची फाइल आहे, पण आत काय आहे?

“रोज रात्री क्रॉन चालतो, बॅकअप होतोच.” क्रॉन चालतो हे खरं. त्याने काय ठेवलंय ते मात्र सहसा कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

गिटलॅबचंच बघा. 31 जानेवारी 2017 ला तिथल्या एका इंजिनिअरने दुय्यम सर्व्हर समजून मुख्य सर्व्हरवरचीच पोस्टग्रेसची डेटा डिरेक्टरी पुसायला घेतली. लक्षात येऊन कमांड थांबवेपर्यंत सुमारे 300 जीबीतले साडेचार उरले होते. रोजचा डंप? तो निघतच नव्हता. सर्व्हर 9.6 चा, डंप घेणारं टूल 9.2 चं, आणि आपल्याहून नव्या सर्व्हरचा डंप घ्यायला पीजी-डंप साफ नकार देतो. नकाराचे ईमेल निघत होते, पण डीमार्कच्या नियमात बसत नसल्याने पोचत नव्हते. शेवटी कामी आला तो सुमारे सहा तास आधी वेगळ्याच कामासाठी हाताने घेतलेला डिस्कचा स्नॅपशॉट.

“डंप फसला तर स्क्रिप्ट ओरडेल की!” नाही ओरडणार. बहुतेक स्क्रिप्टांत पीजी-डंपचं आउटपुट पाइपमधून जीझिपकडे जातं आणि शेल धरतो तो पाइपमधल्या शेवटच्या कमांडचा निकाल. डंप पासवर्डपाशीच अडला तरी जीझिप मिळालेला रिकामा मजकूर इमानेइतबारे दाबतो आणि 20 बाइटांची फाइल तयार होते, नावात तारीख वगैरे सगळं व्यवस्थित. बॅशमध्ये पाइपफेल हा पर्याय चालू केला की हे अपयश निदान दिसतं. कालच्या आणि आजच्या फाइलचा आकारही ताडून बघावा. फुकटची तपासणी आहे.

“आपल्याकडे रेप्लिका आहे.” ती डिस्क गेल्यावर उपयोगाची. कुणी चुकीचं टेबल ड्रॉप केलं, तर तो हुकूम ती तितक्याच तत्परतेने पाळते.

डंपसाठी साइट बंद ठेवायचीही गरज नसते. पीजी-डंप सुरुवातीच्या क्षणाचं एकसंध चित्र घेतो, लिहिणारे लिहीत राहतात. मायएसक्यूएल-डंपला ‘सिंगल-ट्रान्झॅक्शन’ सांगावं लागतं, आणि तेही इनोडीबी टेबलांपुरतंच. चालू डेटाबेसची डिरेक्टरी नुसती कॉपी करून ठेवणं मात्र धोक्याचं. तिच्यावर सर्व्हर उभा राहीलच असं नाही.

डंपमध्ये सगळं येतं हाही भ्रमच. पीजी-डंप एकाच डेटाबेसचा असतो. युजर आणि त्यांचे पासवर्ड हवे तर पीजी-डंपऑल ‘ग्लोबल्स-ओन्ली’ लावून वेगळा चालवायचा. मायएसक्यूएलमध्ये ट्रिगर आपोआप येतात, स्टोअर्ड प्रोसिजर आणि इव्हेंट मागितल्याशिवाय येत नाहीत. हे कळतं ते नव्या मशीनवर रिस्टोअर करताना, तेही रात्री दोन वाजता, फोन खणखणत असताना.

रिस्टोअरचीही एक गंमत आहे. साधा एसक्यूएल डंप पी-एसक्यूएलने भरताना एरर आली तरी तो पुढच्या ओळीवर जातो आणि शेवटी सगळं सुरळीत झाल्यासारखं वाटतं. ‘ऑन-एरर-स्टॉप’ चालू ठेवलं तर पहिल्याच चुकीवर थांबतो. मोठ्या डेटाबेससाठी मुळातच कस्टम फॉरमॅटमध्ये डंप घ्यावा. मग पीजी-रिस्टोअर एका वेळी अनेक टेबलं भरू शकतो. किती वेळ लागेल ते रिकाम्या मशीनवर एकदा घड्याळ लावून पाहावं, आणि तो आकडा “तासाभरात होईल” असं साहेबांना सांगण्याआधी हातात असावा.