शिक्षण-रोजगार विसंगती आणि युवक

शिक्षण-रोजगार विसंगती म्हणजे व्यक्तीने घेतलेले शिक्षण वा मिळवलेली कौशल्ये आणि उपलब्ध कामाची गरज यांतील तफावत होय. रोजगार, शिक्षण व प्रशिक्षण या तिन्हींच्या बाहेर राहणाऱ्या युवकांच्या प्रश्नामागील हे एक कारण आहे. अशा युवकांसाठी इंग्रजी आद्याक्षरांवरून 'नीट' ही संज्ञा वापरली जाते. भारतातील याच नावाच्या वैद्यकीय प्रवेश परीक्षेशी तिचा संबंध नाही.

व्याप्ती

ही संज्ञा १९९९ मधील ब्रिटिश सरकारच्या एका अहवालानंतर रूढ झाली. शाश्वत विकास ध्येयांच्या ८.६.१ या निर्देशकात १५ ते २४ हा वयोगट धरला जातो. बेरोजगारांमध्ये केवळ काम शोधणारे मोजले जातात. 'नीट' गटात शोध थांबवलेलेही येतात. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनुसार २०२३ मध्ये जगातील २०.४ टक्के युवक या गटात होते.

प्रकार

* स्तरीय विसंगती : कामाच्या गरजेपेक्षा शिक्षण जास्त वा कमी असणे.
* क्षेत्रीय विसंगती : शिक्षणाची शाखा व कामाचे क्षेत्र भिन्न असणे.
* कौशल्य विसंगती : पदवी असूनही कामास लागणारे कौशल्य नसणे.

परिणाम

पदवीधरास शिक्षणास साजेसे काम न मिळाल्यास त्याच्यापुढे दोन मार्ग उरतात. कमी दर्जाचे काम पत्करल्यास ते काम कमी शिकलेल्यांच्या हातून जाते. योग्य संधीची वाट पाहिल्यास मिळवलेली कौशल्ये मागे पडतात, तसेच नियोक्ता रिकाम्या काळाकडे संशयाने पाहतो. त्यामुळे प्रतीक्षा लांबते, तशी मूळ तफावतही वाढते.

भारतातील स्थिती

'भारत रोजगार अहवाल २०२४' नुसार २०२२ मध्ये युवकांतील बेरोजगारीचे प्रमाण पदवीधरांमध्ये २९.१ टक्के, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये ३.४ टक्के होते. याचा अर्थ निरक्षरांना चांगले काम मिळते असा नाही. कुटुंबाच्या आधाराशिवाय रिकामे राहणे त्यांना परवडत नाही. सरकारी पदे मोजकी असल्याने स्पर्धा परीक्षांच्या तयारीत अनेक पदवीधरांची वर्षे जातात. कोणत्याही संस्थेत नोंद नसलेले असे उमेदवार बहुधा 'नीट' गटात मोजले जातात.

याच अहवालानुसार युवतींमध्ये 'नीट' प्रमाण ४८.४ टक्के, तर युवकांमध्ये ९.८ टक्के होते. घरकाम व संगोपनाची बिनमोबदला जबाबदारी हे यामागील प्रमुख कारण असल्याने युवतींच्या बाबतीत केवळ शिक्षणातील विसंगती हे स्पष्टीकरण अपुरे ठरते.

उपाययोजना

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ अन्वये आस्थापनांत कामावरील प्रशिक्षण दिले जाते. महाराष्ट्र शासनाने २०२४ मध्ये सुरू केलेल्या मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजनेत प्रशिक्षणार्थींना शिक्षणानुसार दरमहा ६,००० ते १०,००० रुपये विद्यावेतन ठरवण्यात आले. अशा योजनांमुळे अनुभवाची उणीव भरून निघू शकते. मात्र पदवीधरांना सामावून घेणारी पदेच कमी असतील, तर प्रशिक्षणानंतर प्रतीक्षा पुन्हा सुरू होते.