टायरलाही वय असते

नवतपा जवळ आला की नागपूरकर नवे माठ आणतात, कूलरला नवा वाळा लावतात, बाहेर पडताना डोक्याला दुपट्टा गुंडाळतात. लहान मुले आणि ज्येष्ठांना दुपारी घराबाहेर जाऊ देत नाहीत. मात्र ज्या टायरवर सारे कुटुंब लग्नाला किंवा देवदर्शनाला निघते, त्यांच्या प्रकृतीची चौकशी सहसा कोणी करत नाही. मोटारीचा प्रत्येक टायर रस्त्याला जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर टेकलेला असतो. वेग, वळण आणि ब्रेक, सगळा भार त्या चार तळहातांवर असतो.

थंड देशांत हिवाळ्याचे टायर वेगळे असतात. साधारण ७ अंश सेल्सियसखाली नेहमीचे रबर कडक होऊन त्याची पकड सुटू लागते, म्हणून तेथे मऊ रबराचे टायर बसवतात. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतात १ डिसेंबर ते १५ मार्च या काळात ते सक्तीचे आहेत. तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही वर्षातून दोनदा टायर बदलतात. त्यानिमित्ताने प्रत्येक टायर दोनदा जाणकाराच्या नजरेखालून जातो. विदर्भात ही वेळ येतच नाही. एकदा बसवलेला टायर फुटेपर्यंत किंवा पार गुळगुळीत होईपर्यंत चालवला जातो.

रबर म्हातारे कसे होते?

कच्चे रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ होते. १८३९ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स गुडइयर यांना असे आढळले, की गंधक मिसळून तापवल्यास रबर टिकाऊ होते. गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून ठेवते. टायर वापरात आला की उष्णता आणि हवेतील ऑक्सिजन या रचनेत ढवळाढवळ करतात. नको तेथे नवे बंध तयार होतात, काही साखळ्या तुटतात आणि रबराचा लवचिकपणा जातो. वयानुसार धमन्या कडक व्हाव्यात, तसेच हे. बाहेरून काही कळत नाही आणि आतून ताण सोसण्याची ताकद घटत जाते.

हे टाळण्यासाठी टायरमध्ये संरक्षक रसायने मिसळलेली असतात. टायर फिरताना ती पृष्ठभागाकडे येत राहतात. त्यामुळे महिनोन्महिने उन्हात उभी असलेली गाडी ‘फार चालली नाही’ म्हणून तिचे टायर तरुण राहत नाहीत. डिकीतील स्टेपनीचेही वय वाढतच असते. नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश तापमान नोंदवले गेले होते. अशा उन्हात रस्त्याचा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी अधिक तापतो आणि टायरचे म्हातारपण लवकर येते.

कमी हवेचा गैरसमज

‘उन्हाळ्यात हवा फुगते, म्हणून थोडी कमीच भरा,’ हा सल्ला नागपुरात चौकाचौकात मिळतो. तो धोकादायक आहे. तापमान १० अंशांनी वाढले, तर मोटारीच्या टायरमधील दाब साधारण दीड पीएसआयने वाढतो. एवढी वाढ गृहीत धरूनच टायर बनवलेला असतो. हवा कमी असली की टायरच्या बाजू प्रत्येक फेरीला जास्त दबतात आणि सुटतात. एखादी तार वारंवार वाकवल्यावर गरम व्हावी, तसे रबर आतून तापते. त्यावर जास्त वजन आणि वेग यांची भर पडली, की आतील थर सुटू लागतात आणि टायर फुटतो.

११ डिसेंबर २०२२ रोजी समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा खुला झाला, तेव्हापासून हा विषय अधिक गंभीर झाला आहे. शहरातील सिग्नलवर ३०-४० च्या वेगाने निभावून जाणारा टायर तेथे ताशी १२० किलोमीटरने तासन्‌तास धावतो. विश्रांतीशिवाय धावणाऱ्या टायरला थंड व्हायला सवड मिळत नाही.

नायट्रोजन भरला की प्रश्न सुटला, असेही नाही. साध्या हवेतही सुमारे ७८ टक्के नायट्रोजनच असतो आणि तापल्यावर दोन्ही जवळपास सारखेच प्रसरण पावतात. नायट्रोजन कोरडा असतो आणि त्याची गळती थोडी सावकाश होते, एवढाच फायदा. दाब तपासणे चुकत नाही.

टायर केव्हा बदलावा?

टायरच्या बाजूवर निर्मितीचा चार आकडी क्रमांक असतो. ‘२३२१’ म्हणजे २०२१ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला टायर. पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी करावी आणि दहा वर्षांनंतर खाचा शाबूत असल्या तरी टायर बदलावा, असे अनेक टायर कंपन्या सांगतात. काही मोटार कंपन्या सहा वर्षांचीच मर्यादा देतात. विदर्भातील ऊन पाहता लवकरची मर्यादा पाळणे शहाणपणाचे. जुनी गाडी घेतानाही हा क्रमांक आधी वाचावा.

मोटारीच्या टायरच्या खाचा किमान १.६ मिलिमीटर खोल असाव्यात, असा नियम आहे. खाचांच्या तळाशी लहान उंचवटे असतात. टायर झिजून त्यांच्या पातळीला आला, की त्याचे आयुष्य संपले. बाजूला भेगा किंवा फुगवटा दिसला, तर खाचा कितीही खोल असोत, तो टायर काढावाच. जूनच्या मध्यावर पाऊस येतो, तेव्हा उन्हाळ्यात झिजलेल्या खाचा पाणी बाजूला सारू शकत नाहीत आणि गाडी पाण्याच्या थरावरून घसरते. म्हणून तपासणी उन्हाळ्यापूर्वी एकदा आणि पावसापूर्वी पुन्हा करावी.

हवा सकाळी, गाडी चालवण्याआधी तपासावी. योग्य दाब चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. प्रवासात तापलेल्या टायरमधील हवा काढू नये. थंड झाल्यावर ती कमी पडते.

एवढे करूनही टायर फुटलाच, तर जोरात ब्रेक दाबू नये. स्टीअरिंग दोन्ही हातांनी घट्ट धरून सरळ ठेवावे, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हळूहळू काढावा आणि वेग उतरल्यावर गाडी कडेला घ्यावी. मागे बसलेल्यांनीही पट्टा लावलेला असावा. गाडी उलटली की पट्टा न लावलेला माणूस बाहेर फेकला जातो आणि डोक्याला व मणक्याला जबर मार बसतो. मणक्यातील मज्जारज्जू एकदा तुटला, तर आजच्या वैद्यकशास्त्राला तो पूर्ववत करता येत नाही. टायर मात्र वेळेत बदलता येतो.